चहा, सोवळे आणि आत्मा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते आपले सर पक्के नास्तिक होते, हे या सभागृहातल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. त्यांच्या घरी दर श्रावणात सत्यनारायण होत असे आणि प्रसादाचा द्रोण सर स्वतः शेजारच्यांकडे नेऊन देत, हे उरलेल्या निम्म्यांना ठाऊक आहे. मी एकदा त्यांना विचारले, "सर, हे कसे जमते?" ते म्हणाले, "अरे, प्रसाद मानत नाही, शेजारी मानतो." आजचा विषय मला त्या उत्तरातून सुचला. ख्रिस्ती श्रद्धा, आत्मा आणि अश्रद्धा असे तीन जड शब्द पत्रिकेवर छापले आहेत. पण घाबरू नका, मी धर्मशास्त्राचा तास घेणार नाही. मी तुम्हाला १८९५ सालात घेऊन जाणार आहे.

का १८९५? त्या वर्षी तीन गोष्टी घडल्या. १० फेब्रुवारीला मुंबईत नारायण वामन टिळक या चित्पावन कवीने बाप्तिस्मा घेतला. १७ जूनला पुण्यात गोपाळ गणेश आगरकर वारले; देव आणि परलोक यांवाचून जगता येते असे लिहिणारा हा माणूस चाळिशीही गाठू शकला नाही. आणि ऑक्टोबरात फादर नेहेम्या गोरे गेले. हे पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री गोरे, काशीचे पंडित. त्याच काळात पंडिता रमाबाई विधवांसाठी काढलेल्या आपल्या शारदा सदनाचा गाडा ओढत होत्या. एक कवी, एक संपादक, एक शास्त्री, एक विदुषी. चौघेही ब्राह्मण कुळातले आणि चौघांनाही एकाच प्रश्नाने पछाडलेले: माणसात मरणापलीकडे टिकणारे काही आहे का, आणि असेल तर त्याचा धनी कोण?

या चौघांनी दिलेली उत्तरे मी सांगेन. पण व्याख्यानाचा खरा मुद्दा त्याहून थोडा बाजूचा आहे, तो आत्ताच सांगून टाकतो. देव न मानणारे आगरकर शेवटपर्यंत आपल्या घरात, आपल्या बायकोच्या हातचे जेवून राहिले. देवावाचून एक क्षण न राहू शकणारे टिळक मात्र बायको-मुलाला काही वर्षे मुकले. अश्रद्ध घरात राहिला आणि श्रद्धावान घराबाहेर पडला. हे उलटे नाही का? हे असे का झाले, एवढेच मला आज तपासायचे आहे.

आधी 'आत्मा' या शब्दाकडे पाहू. वाद करणाऱ्या दोन्ही पक्षांच्या तोंडी हाच शब्द होता आणि दोघांच्या मनात निरनिराळी वस्तू होती. आपल्याकडे आत्मा म्हटले की लहान पोरालाही ठाऊक असते: तो जन्मत नाही, मरत नाही, कपडे बदलावेत तसे देह बदलतो. ख्रिस्ती शिकवणीत जीव देवाने निर्माण केलेला आहे. तो अनादी नाही, तो देवाचा अंश नाही, आणि त्याला देह एकदाच मिळतो. चर्चमध्ये मतांगीकार म्हणताना भाविक देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास जाहीर करतात, म्हणजे तिथली आशा देहातून सुटण्याची नसून देह पुन्हा उभा राहण्याची आहे. आपण ज्याला बंधन म्हणतो त्याची तिथे वाट पाहिली जाते!

आता विचार करा, पहिल्या मिशनऱ्यांची काय तारांबळ उडाली असेल. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ साली छापले गेले. त्यांनी स्वर्गासाठी सरळ 'वैकुंठ' हा शब्द घेतला. दुसरा शब्द आणणार कुठून? पुढे बायबलच्या मराठी भाषांतरांत 'पवित्र आत्मा' आला, 'तारण' आले, 'नवा जन्म' आला. आता 'तुला नव्याने जन्मले पाहिजे' असे येशू निकदेमाला सांगतो, हे ऐकून आपल्या एखाद्या हरदासाने मान डोलावून 'म्हणजे पुनर्जन्मच की!' म्हटले असेल, तर त्यात त्याचा काय दोष? रमाबाईंना याची फार टोचणी होती. वेदान्ताचा वास असलेले शब्द वाचकाला भलतीकडे नेतात, म्हणून खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळे बायबल नव्याने भाषांतरित केले. केडगावच्या मुक्ती सदनातल्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली कंपोझिंग स्टिक हातात धरून अक्षर अक्षर लावत होत्या, हे चित्र जरा डोळ्यांपुढे आणा. आणि गंमत पाहा, शब्दांबाबत इतक्या काटेकोर असलेल्या बाईंनी संस्थेला नाव काय दिले? मुक्ती! ज्या भाषेत आपण वाढतो तिच्यातून पुरते सुटता येत नाही, हेच खरे.

आता माणसांकडे येऊ. पहिले नीळकंठशास्त्री.

त्यांचा जन्म १८२५ चा. त्याच सालात विष्णुबावा ब्रह्मचारी जन्मले. हे दोघे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत असे आहेत. विष्णुबावांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले; ऐकायला गर्दी लोटे, आणि त्या वादांचे पुस्तकही निघाले. ते वाद जिंकण्यासाठी होते, आणि जिंकण्यासाठी केलेल्या वादात माणूस स्वतः कधी हलत नाही. नीळकंठशास्त्री हलले.

जॉन म्यूर नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात 'मतपरीक्षा' लिहून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली होती. त्याला उत्तर म्हणून विशीतल्या नीळकंठशास्त्र्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. त्यांचा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. माझ्या भाषेत सांगतो. एक मूल आंधळे जन्मते, दुसरे राजवाड्यात जन्मते. आम्ही म्हणतो, हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ. तुम्ही पूर्वजन्म मानत नाही, मग त्या आंधळ्या मुलाचा अपराध कोणता? मुकी जनावरे यातना भोगतात, ती कशाबद्दल? आणि पन्नास-साठ वर्षांच्या एका आयुष्यातल्या पापाला कधीच न संपणारा नरक, हा कुठल्या न्यायाधीशाचा न्याय?

श्रोतेहो, आत्म्याचा वाद हा मुळात न्यायाचा वाद आहे. आत्मा आहे की नाही याची आपल्याला एवढी चिंता का? तो अमर असावा अशी हौस म्हणून नाही. या जगात हिशेब चुकतो हे आपण रोज पाहतो. कुठेतरी, केव्हातरी तो चुकता व्हावा म्हणून आपल्याला लांब पल्ल्याचा खातेदार लागतो. कोणी ते खाते मागच्या जन्मात उघडतो, कोणी शेवटच्या न्यायाच्या दिवशी मिटवतो.

मग १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला याच नीळकंठशास्त्र्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आक्षेपांची उत्तरे मिळाली होती? सगळी नाहीत. त्यांना उलट्या बाजूचा प्रश्न जास्त सलू लागला होता. पुढे 'षड्दर्शनदर्पण' लिहून त्यांनी सहाही दर्शनांची झडती घेतली. त्यातला गाभा असा: ज्याला जाणीव नाही, इच्छा नाही, जो काही करत नाही आणि ज्याचे कोणावर प्रेम नाही, असा निर्गुण आत्मा उरला काय आणि नाही उरला काय, त्याचे मला काय? कर्माचा हिशेब चोख असेलही. पण हिशेबाच्या वहीत दया कोणत्या रकान्यात लिहायची?

त्यांचे चरित्र वाचताना सर्वांत जास्त जाणवते ते पुढचे. बाप्तिस्म्यानंतर हा माणूस निश्चिंत झाला नाही. पुढे दीक्षित पाद्री झाला, काउली फादर्स या मठवासी मंडळात राहिला, व्रतस्थ दारिद्र्यात जगला, इतरांना पटवत हिंडला, आणि स्वतः आयुष्यभर शंकांनी पोळत राहिला. मिशनऱ्यांना वाटले काशीचा किल्ला जिंकला. काशीला वाटले घरभेदी निघाला. किल्ला मात्र स्वतःशीच लढत होता. जुना धर्म सोडताना जी तर्कबुद्धी वापरली, तीच नव्या धर्मात सोबत आली. दारात चपला काढाव्यात तशी ती काढून ठेवता येईना.

याच गोऱ्यांच्या लेखनाने आपल्या दुसऱ्या पात्राची बुद्धी वळवली. रमाबाई.

रमाबाईंचे आयुष्य आपल्याला ठाऊक आहे असे आपण समजतो. मी फक्त विश्वासाचा धागा ओढतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायको-मुलीला संस्कृत शिकवले आणि सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरले. दुष्काळ आला. होते नव्हते ते दानात दिले, उपासतापास केले, देव प्रसन्न होईना. पाला आणि रानखजूर खाऊन दिवस काढले. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. त्या पोटातल्या आगीत रमाबाईंची आणि भावाची मूर्तीवरची श्रद्धा जळून गेली. म्हणजे मिशनरी भेटण्याच्या कितीतरी आधी रमाबाई अश्रद्ध झाल्या होत्या! धर्मांतराचा इतिहास सांगताना ही पायरी आपण हमखास गाळतो. आपल्याला वाटते, माणूस या घरातून उठून त्या घरात जातो. मधे तो बराच काळ रस्त्यावर असतो, हे आपण पाहतच नाही.

कलकत्त्याला पहिल्यांदा ख्रिस्ती मंडळींच्या प्रार्थनेला ही बहीणभावंडे गेली तेव्हाची हकीकत रमाबाईंनीच लिहून ठेवली आहे. प्रार्थना सुरू झाली तशी मंडळी उठून खुर्च्यांकडे वळून गुडघे टेकून बसली. यांना वाटले, हे लोक खुर्च्यांची पूजा करताहेत! आपण हसतो. पण आपली आरती पाहणाऱ्या परक्या माणसालाही नेमके तसेच वाटत असते.

१८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेजच्या मठात छोट्या मुलीसह, मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. आता यापुढचा भाग ऐका, कारण तो आपल्या शालेय पुस्तकांत नसतो. वाँटेजच्या ज्या सिस्टर जेराल्डीनला त्या आई मानत, तिच्याशीच त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धान्त जसाच्या तसा गिळायला रमाबाई तयार नव्हत्या. अथेनेशियन मतांगीकार त्यांना मान्य नव्हता. बायबल मी स्वतः वाचीन, माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणा बिशपच्या हवाली करणार नाही, असा त्यांचा सूर होता. मुंबईच्या बिशपांनी कळवले, या बाईंनी तरुण पुरुषांना शिकवू नये. रमाबाई उसळल्या. आणि एक बारीकशी गोष्ट: त्यांना गळ्यात घालायला क्रूस दिला, त्यावर लॅटिन अक्षरे होती. त्यांनी विचारले, मला न कळणारी लॅटिन कशाला? आमची संस्कृत काय वाईट आहे?

गळ्यात क्रूस घालायला हरकत नाही, अक्षरे मात्र आमची हवीत. हा हट्ट कशाचा? मला तो स्वाभिमानाहून मोठा वाटतो. ज्या शब्दाचा अर्थ मला कळत नाही तो मी माझ्या छातीवर वागवणार नाही, असे ती बाई म्हणत होती. ब्राह्मणांनी संस्कृत बायकांना कळू दिली नाही म्हणून ती लढली. आता पाद्र्यांची लॅटिन न कळता कपाळी लावायला ती कशी तयार होईल? बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना खरी अनुभूती आली असे त्या सांगतात: तोवर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे आधी अश्रद्धा, मग ब्राह्मो मंडळींची सोबत, मग बुद्धीने पटलेला धर्म, मग भांडण, मग अनुभव. आणि आपण एका ओळीत काय लिहितो? "पुढे त्यांनी धर्मांतर केले." झाले, मिटले!

आता तिसरे, आगरकर.

ज्या बोटींतून बायबल आले त्याच बोटींतून मिल आणि स्पेन्सरही आले, हे आपण विसरतो. मिशनऱ्यांनी मूर्तीवर जो तर्काचा हातोडा चालवायला शिकवले, तो हातोडा पोरांनी उचलला आणि चर्चच्या दारावरही आपटून पाहिला. आगरकर त्या पिढीचे. देव आहे की नाही, मरणानंतर आत्मा उरतो की नाही, हे माणसाच्या बुद्धीच्या टप्प्यात येत नाही. आणि जे टप्प्यात येत नाही त्याच्या आधारावर विधवेचे केस कापायचे की नाही हे ठरवायचे नाही, अशी त्यांची सरळ मांडणी. परलोकाचे आमिष आणि धाक काढून घेतला तरी माणूस नीतीने वागू शकतो, हे त्यांना लिहूनही दाखवायचे होते आणि जगूनही.

जगून कसे दाखवले? लोकांनी त्यांची प्रेतयात्रा ते जिवंत असताना काढली आणि त्यांच्या घरावरून नेली. आत्मा न मानणाऱ्या माणसाला स्वतःची अंत्ययात्रा पाहायला मिळाली, असा योग आत्मा मानणाऱ्यांच्याही नशिबी नसतो! एम. ए. झालेल्या या माणसाने मोठ्या पगाराची वाट सोडली होती, दमा छातीत घर करून होता, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळत आपल्या 'सुधारक' पत्राचे कागद काळे करणे चालू होते. ते गेल्यावर त्यांच्या उशाशी एक पुरचुंडी सापडली, अशी आठवण सांगतात. तिच्यात स्वतःच्या दहनापुरते पैसे बांधून ठेवलेले होते. मरणानंतर आपले काय होणार याची त्यांना काळजी नव्हती. मरणानंतर बायकोला उसने मागावे लागू नये, याची होती.

मी या पुरचुंडीवर बराच विचार केला आहे. गोरे आंधळ्या मुलाचा हिशेब मागत होते, रमाबाई उपाशी मेलेल्या आईबापांचा मागत होत्या. आगरकर म्हणाले, वरचा हिशेब मला ठाऊक नाही. माझ्या अंगावरचा मी फेडून जातो. तीन उत्तरे आहेत, पण तिघांच्या पोटात दुखते आहे ते एकाच जागी.

आणि त्यांच्या घरात? पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांचे सणवार, त्यांची व्रते चालू राहिली. आगरकरांनी आपली मते बायकोवर लादली नाहीत. विरोधकांनी यावरून त्यांची टिंगल केली. पण पाहा: मताने पुरता फुटलेला हा माणूस त्याच स्वयंपाकघरात जेवत होता. वाळीत टाकण्याची भाषा झाली, तरी देव न मानल्याबद्दल त्यांचे ताट त्यांच्या घरातून उचलले गेले नाही.

आता त्याच पुण्यातला दुसरा प्रसंग. ऑक्टोबर १८९०. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावणे गेले. मिशन कोणाचे? नीळकंठशास्त्र्यांच्या काउली फादर्सचे आणि रमाबाईंच्या वाँटेजच्या सिस्टरांचे. चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कप तोंडाला लावला, कोणी हातात धरून बसले. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी नावाच्या गृहस्थांनी ती नावे छापून आणली आणि जो भडका उडाला तो वर्षा-दोन वर्षांत विझला नाही. जातिबहिष्काराचे ग्रामण्य बसले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. रानड्यांसारख्या माणसानेही शेवटी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्यांचेच चाहते खट्टू झाले.

श्रोतेहो, त्या चहाच्या मेजावर त्रैक्याबद्दल कोणाचे काय मत आहे हे कोणी विचारले का? आत्मा निर्मिलेला की अनादी, यावर ग्रामण्य बसले का? आपल्या परंपरेत मतांना मोकळीक होती, तिचा आपण अभिमान सांगतो, आणि तो खराही आहे. चार्वाकही आपला, शंकराचार्यही आपले, निरीश्वर सांख्यही आपले. मत काहीही ठेवा! फक्त पाणी कोणाच्या हातचे पिता ते सांगा. आमची चौकी डोक्याशी नव्हती, घशाशी होती. आणि वाँटेजला रमाबाईंनी दुसरी चौकी पाहिली. तिथे जेवायला एका मेजावर बसता येत होते, पण मतांगीकाराचे शब्द जसेच्या तसे उच्चारावे लागत होते. इकडे हात तपासत, तिकडे जीभ तपासत. रमाबाई दोन्ही नाक्यांवर अडल्या, आणि दोन्ही नाक्यांवर जकात द्यायला त्यांनी नकार दिला. माझ्या मते त्यांचे मोठेपण इथे आहे.

आता शेवटचे घर. रेव्हरंड टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई.

रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांना नवा करार दिला, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक अडकले. हा माणूस तर्काने नव्हे, प्रेमाने गेला. तुकाराम त्याने टाकला नाही. तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे तो सांगे. पुढे १९१७ मध्ये मिशनचा पगारही सोडून त्याने 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. म्हणजे तिकडच्या चौकीवरही याने हूल दिली.

पण १८९५ साली लक्ष्मीबाईंवर काय आकाश कोसळले ते त्यांच्याच 'स्मृतिचित्रे'त वाचा. त्यांच्या माहेरी वडिलांचे सोवळे असे, की बाजारातून आलेला जिन्नस, निदान जो धुता येतो तो, धुतल्याशिवाय घरात येत नसे. त्या घरातल्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला. नवऱ्याने देव बदलला याचे तिला दुःख होतेच. पण रोजचा प्रश्न देवाचा नव्हता. त्याच्या घरचे पाणी प्यायचे कसे? पुढे नगरला ती त्याच्याजवळ राहायला गेली, तरी तिची चूल वेगळी, तिचे पाणी वेगळे. एकमेकांवर जीव असलेले दोन जीव, आणि मध्ये एक घागर.

मग एके दिवशी तिच्या मनात उजाडले. कुठल्या ग्रंथाने नाही, कुठल्या पाद्र्याने नाही. या जाती देवाने केल्या की माणसाने, असा तिने स्वतःशीच झगडा मांडला, आणि ठरवून टाकले: यापुढे कोणाच्याही हातचे खाईन-पिईन. ख्रिस्तावरचा विश्वास त्यानंतर आला. बाप्तिस्मा त्याहूनही नंतर, १९०० साली. क्रम लक्षात घ्या. गोरे तर्कातून गेले, रमाबाई दुःखातून, टिळक प्रेमातून, आणि शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई पाण्याच्या घोटातून गेली. खरी भिंत कुठे आहे हे या सगळ्या पंडितांत तिला सर्वांत नेमके कळले. आणि नवऱ्याने अपुरे सोडलेले 'ख्रिस्तायन' काव्य तिनेच पुरे केले.

वेळ संपत आली; संयोजक घड्याळाकडे पाहताहेत. तेव्हा गोळाबेरीज करतो.

एक, 'आत्मा' म्हणताना दोन माणसे एकच शब्द उच्चारत असली तरी एकच गोष्ट बोलत असतील असे नाही. वाद घालण्याआधी समोरच्याचा शब्द समजून घ्यावा. दोन, श्रद्धा आणि अश्रद्धा ही दोन गावे नाहीत. गोऱ्यांच्या श्रद्धेत शंका राहत होती, रमाबाईंच्या श्रद्धेखाली अश्रद्धेची राख होती, आणि आगरकरांच्या अश्रद्धेत व्रतस्थाची कडक शिस्त होती. तीन, समाज माणसाला मतासाठी फारसा छळत नाही, मताची सबब सांगून तो पंगत सांभाळतो. म्हणून अश्रद्ध घरात राहिला आणि श्रद्धावान बाहेर गेला.

तुम्ही म्हणाल, हे जुने झाले, आता चहावरून कोण प्रायश्चित्त घेतो? खरे आहे. पण आजही कोणी धर्म बदलला की आपला पहिला प्रश्न कोणता असतो? "काय मिळाले त्याला?" तांदूळ, नोकरी, पैसा. आणि कोणी देव मानत नाही म्हटले की? "परदेशात जाऊन आला वाटते." समोरच्याच्या मनात खरोखरच काही प्रश्न उठला असेल, तो रात्र रात्र जागला असेल, ही शक्यता आपल्याला सुचतच नाही. दुसऱ्याला आत्मा आहे हे आपण तोंडाने मानतो. त्याला स्वतःचे डोके आहे हे मानायला मात्र तयार नसतो. शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई एका ख्रिस्ती बाईच्या छपराखाली शिकून हिंदूच राहिली, धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली. त्याच कर्व्यांचा मुलगा रघुनाथ देव न मानणारा निघाला. कोण कोणाच्या सहवासात काय होईल याचा अंदाज बांधता येत नाही, कारण माणूस विचार करतो.

तेव्हा एकच विनंती. रमाबाईंची पत्रे, आगरकरांचे निबंध, लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचाच; पण आपल्या बाजूचे कोण, हे मोजण्यासाठी वाचू नका. या माणसांना पछाडणारा प्रश्न स्वतःला विचारून पाहा आणि जे उत्तर येईल त्याची किंमत द्यायला तयार आहोत का, तेही पाहा.

बाहेर चहा ठेवला आहे असे मला सांगितले आहे. कप घेताना शेजारी अनोळखी माणूस असेल. त्याचे आडनाव विचारू नका. आत्म्याबद्दल तुमचे मत काय, ते विचारा.